फौजदाराचा भोंगा

हॅलो, हॅलो. आवाज येतोय का? मागं येतोय? बरं.

मी भोंगा बोलतोय. हातात धरून बोलायचा, पुढून रुंद, मागून अरुंद, पोटात जाडे सेल. अंगावर एक लाल बटन आहे, ते दाबलं की सायरन वाजतो. त्या बटनानं माझं पुढं वाटोळं केलं, पण ते नंतर. कागदोपत्री माझं नाव मेगाफोन आहे. त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही.

जन्मभर मी नुसता बोलत आलोय, पण त्यातलं एक वाक्य माझं नव्हतं. ‘वाहनं बाजूला घ्या’ हे काही माझं मत नव्हे. ‘भाविकांनी आपलं पाकीट सांभाळावं’ हेही नव्हे. आज पहिल्यांदाच स्वतःचं बोलतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या. मधेच खरखर झाली तर ती वयाची आहे.

कारखान्यातून मी थर्माकोलच्या खोक्यात नांदेडला आलो आणि तिथून जिल्ह्यातल्या एका ठाण्यात. ठाण्याचे फौजदार होते विरूपाक्ष येरोळकर. तेव्हा ते सडसडीत होते, मोटारसायकलवर फिरायचे आणि जेवायला घरी जायचे. त्यांनी मला खोक्यातून काढलं, तोंडाला लावलं आणि विचारलं, “बालाजी, ऐकू येतंय का?”

बालाजी हवालदार टेबलाच्या पलीकडं उभा होता. तो म्हणाला, “साहेब, भोंगा नसता तरी आलं असतं.”

अशी माझ्या नोकरीची सुरुवात झाली. मिरवणुका, बाजार, टँकरवरची भांडणं, सगळीकडं मी. पण येरोळकर साहेबांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या अधिकाऱ्यात पाहिली नाही. गल्लीत भांडण लागलं की ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे, माझ्यातून भांडणाऱ्यांची नावं बापाच्या नावासकट घ्यायचे आणि मग डावा हात वर करून गप्प उभे राहायचे. शिव्या नाहीत, दम नाही. सगळी गल्ली दारात येऊन बघायची. भांडणारे बिचारे स्वतःचंच नाव ऐकून ओशाळायचे, एक जण चप्पल घालून बाहेर यायचा आणि म्हणायचा, “साहेब, तसं काय न्हाई, जरा बोलायलो होतो.”

“ओरडणं म्हणजे अर्धं काम झालं,” साहेब बालाजीला सांगायचे. “उरलेलं अर्धं काम गप्प बसायचं. न्हाई तर समोरच्याचं ऐकायचं कधी?”

बालाजी मान हलवायचा. त्याला चहा प्यायचा असायचा.

नवरात्रात आम्हाला माहूरला बंदोबस्त लागला. रेणुकामातेच्या गडावर काय गर्दी असते, ते गेलेल्याला सांगायला नको. आमच्याकडं हरवलेल्या माणसांचा तंबू होता. दर थोड्या वेळानं कुणीतरी रडत यायचं, साहेब माझ्यातून नाव पुकारायचे, हात वर करून कान द्यायचे, की गर्दीतून कुणीतरी धावत यायचं. मला ते काम आवडायचं. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाचा कुणाला लगेच उपयोग होतोय, असं पोलीस खात्यात फार वेळा होत नाही.

दुपारी एका आजींना आणून बसवलं. शांतम्मा. उदगीरकडच्या. गळ्यात शिवलिंग, हातात परडीची पिशवी, डोळ्यांत पाणी. साहेबांनी पुकारा केला, “शांतम्मा नावाच्या आजी तंबूत बसल्या आहेत.” कुणी आलं नाही. पुन्हा केला. दिवस कलायला लागला, घसा माझाही बसला, तरी कुणी येईना.

“आजी, मालकांचं नाव सांगा. त्यांनाच बोलवतो,” साहेब म्हणाले.

आजींनी पदर तोंडाला लावला. “अय्यो शिवा! नाव कसं घिऊ?”

“हरवलेत ना ते?”

“हरवले म्हनून काय नाव घ्यायचं व्हय?”

बालाजी वैतागला. म्हणाला, चिठ्ठीवर लिहा. आजींना लिहिता येत नव्हतं, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं. तंबूत सगळे हैराण. साहेबांनी मात्र मला आजींच्या हातात दिलं.

“उखाणा घ्या, आजी,” ते म्हणाले. “उखाण्यात चालतंय ना?”

आजी चांगल्या लाजल्या. पण उखाण्यात चालतं, हे त्यांनाही मान्य होतं. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं, तोंडाजवळ नेलं आणि साऱ्या गडाला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

“माहूरच्या गडावर माणसांचा पूर, शिवमूर्तीअप्पांचं नाव घेते, जाऊ नका दूर.”

साहेबांनी हात वर केला. खालच्या पायऱ्यांवरून एक म्हातारा आवाज आला, “हाव! हितंच हाय की!”

लोकांनी जो काही गलका केला, तो विचारू नका. अप्पा धापा टाकत वर आले. साहेबांनी विचारलं, “अप्पा, दुपारपासून शांतम्मा, शांतम्मा म्हणून ओरडायलो. ऐकलं न्हाई का?”

“ऐकलं की,” अप्पा म्हणाले. “वाटलं, कुणाची तरी शांतम्मा हरवली बिचारी.”

घरी ते बायकोला ‘ऐकलं का’ म्हणायचे. तिचं नाव त्यांनी लग्नानंतर वापरलंच नव्हतं.

निघताना आजी साहेबांच्या पाया पडायला लागल्या. साहेबांनी त्यांना उठवलं आणि माझ्यातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “आजी, पुढं काही लागलं तर मला हाक मारा. मी येतो.” तेव्हा ते मनापासून बोलले होते. मी त्यांच्या तोंडाला लागलेलो असायचो, मला कळायचं.

हे सगळं कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. चार दिवसांत ते नांदेड-लातूरच्या प्रत्येक घरात पोहोचलं. साहेबांचं नाव पडलं उखाणा फौजदार. शाळांत बोलावणं, मठांत सत्कार, लग्नांत आहेर. शाली इतक्या आल्या की बायकोनं त्यांची गोधडी शिवली. पुढच्या वर्षी साहेबांनी राजीनामा दिला आणि लातूर जिल्ह्यातल्या आपल्या गावाकडून आमदारकीला अपक्ष उभे राहिले. मी सरकारी मालमत्ता. मला निकामी ठरवून लिलावात काढलं. बोली लावायला एकच माणूस आला होता.

निवडणुकीत चिन्ह मिळालं कपबशी. लोक मात्र विचारत यायचे, भोंगा कुठंय, भोंग्यालाच मत द्यायचंय. शेवटी मलाच गावोगाव ओरडून सांगावं लागलं की भोंग्याला मत देऊ नका. स्वतःविरुद्ध प्रचार करणारा मी पहिलाच असेन. पण त्या निवडणुकीत साहेब जुन्या रीतीनं वागले. पारावर उभं राहायचं, दोन वाक्यं बोलायची, हात वर करायचा आणि गप्प. लोक बोलायचे. विजेचं, दवाखान्याचं, पोरीच्या एसटीचं. साहेब ऐकायचे. निवडून आले.

मग ते बदलले असं मी म्हणणार नाही. त्यांचा वेळ बदलला. आधी ते अपक्ष होते. मग ज्यांचं सरकार होतं त्यांच्याबरोबर गेले. मग सरकार बदललं, साहेब मात्र सरकारबरोबरच राहिले. ह्याला ते निष्ठा म्हणायचे. भाषणं लांबली आणि हात वर होणं कमी होत गेलं. वर झालाच तर टाळ्यांसाठी. शेवटी ते राज्यमंत्री झाले, मत्स्यव्यवसाय खात्याचे. लातुरात तेव्हा नळाला आठवड्यानं पाणी यायचं.

माझं काय झालं विचाराल, तर मला मान मिळाला. प्रत्येक सभेत व्यासपीठावर एक स्टूल, स्टुलावर मी, मला झेंडूचा हार. पोटात सेल नाहीत. सेल का काढले, तर लातूरजवळच्या मुरुडला एका शोकसभेत साहेबांनी मला सवयीनं उचललं आणि अंगठा त्या लाल बटनावर पडला. दोन मिनिटं शांत उभं राहायचं चाललं होतं, त्यात मी सायरन वाजवला. त्या दिवसापासून मी नुसता दाखवायचा भोंगा झालो. साहेब भाषणात मला वर धरायचे, माहूरची गोष्ट सांगायचे आणि परत स्टुलावर ठेवायचे.

गोष्टही हळूहळू सुधारत गेली. उखाणा आता असा झाला होता: ‘माहूरच्या गडावर भक्तीचा पूर, येरोळकर साहेब आले, चिंता झाली दूर.’ म्हणजे उखाण्यात नवरा उरलाच नव्हता. चारचौघांत एक लग्न झालेली बाई उखाण्यात फौजदाराचं नाव घेते, ह्यात काय गडबड आहे, हे एकाही कार्यकर्त्याच्या लक्षात आलं नाही. टाळ्या जोरात पडायच्या.

मंत्री झाल्यावर लातुरात नागरी सत्कार ठेवला. मे महिन्याचं ऊन, रिंग रोडच्या कडेचं मैदान, गावागावांतून फुकट टेम्पो. आलेल्या प्रत्येक पुरुषाला गुलाबी फेटा. मी स्टुलावर, हारात. मांडवाच्या कडेला, व्यासपीठाच्या पायथ्याशी फारूकचं टेबल होतं. साहेबांच्या सगळ्या सभांना आवाज फारूकचा असतो. माझं बटन ढिलं झालं होतं, ते त्यानंच रबर लावून धरलंय. बाकी लोक मला हार घालायचे, फारूक फुंकर मारून धूळ काढायचा.

साहेब बोलायला उठले आणि थोड्याच वेळात माहूरवर आले. मला उचललं, चारी बाजूंना दाखवलं. हार बोटांत अडकायला लागला, म्हणून ह्या वेळी त्यांनी मला स्टुलावर न ठेवता खाली फारूककडं दिलं.

तेवढ्यात माझ्या कानावर ओळखीचा आवाज पडला. आवाजाच्या बाबतीत माझी चूक होत नाही. त्या शांतम्मा होत्या. वाळल्या होत्या, पाठ वाकली होती. व्यासपीठाच्या जिन्याशी एका कार्यकर्त्याला हात जोडत होत्या.

“बापा, माईक दे जरा. आमचे मालक गर्दीत चुकले. त्यांला आता काही ध्यानात ऱ्हात न्हाई. डोक्याच्या डॉक्टरला दावायला म्हनून टेम्पोत बसून आलो. मी पाणी आनाया गेले, तर ते जाग्यावर न्हाईत.”

“आजी, खाली बसा,” तो म्हणाला. “साहेब माहूरच्या आजींची गोष्ट सांगायलेत.”

“आरं, ती मीच हाय की!”

“हाव. सगळ्या आजी तसंच म्हणतात.”

साहेबांचा पीए महांतेश तिथंच होता. तो कार्यकर्त्यापेक्षा बरा. त्यानं वही काढली, विचारलं, “वर्णन सांगा.”

“म्हातारा माणूस. धोतर. गुलाबी फेटा.”

महांतेशनं मैदानाकडं पाहिलं. जिकडं तिकडं गुलाबी फेटे. त्यानं वही मिटली. “भाषण झाल्यावर पुकारा करू, आजी.”

“तवर कुठं जातील ते! साखर हाय त्यांला, सकाळपून पोटात काही न्हाई. मागं रस्ता हाय. ट्रक आला तर बाजूला व्हायचं बी सुचत न्हाई त्यांला आता.” त्या रडत नव्हत्या. रडायलाही थांबावं लागतं.

महांतेशनं घड्याळ बघितलं. भाषण अजून निम्मंही झालेलं नव्हतं.

तेव्हा त्या फारूकच्या टेबलाशी आल्या. फारूकनं सगळं ऐकलं होतं. व्यासपीठाचा माईक तो देऊ शकत नव्हता, तो साहेबांच्या तोंडापुढं होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. भोंगेही तो भाड्यानं देतो, म्हणून त्याच्या पेटीत सेल होते. काही न बोलता त्यानं माझा हार काढला, झाकण उघडलं, सेल भरले आणि मला शांतम्मांच्या हातात दिलं.

“घ्या, अम्मा. लाल बटनाला तेवढा हात लावू नका.”

कितीतरी दिवसांनी पोटात गरम वाटलं हो! आजींनी मला दोन्ही हातांनी धरलं, तसंच, माहूरसारखं. मला वाटलं, आता उखाणा. पण आजींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “शिवमूर्ती! ओ शिवमूर्ती!”

साधं नाव. आयुष्यात पहिल्यांदा. जवळच्या बायकांनी चमकून बघितलं. पण लाजायला त्यांना सवड नव्हती.

उत्तर आलं नाही. माझ्या एवढ्याशा आवाजावर फारूकच्या भिंतीएवढ्या स्पीकरांमधून साहेबांचा आवाज कोसळत होता. आणि दुसरंही एक होतं. अप्पांना स्वतःचं नाव तरी आता ओळखीचं राहिलं होतं का, कुणास ठाऊक.

आजींनी श्वास घेतला. वर साहेब नेमके उखाण्यावर आले होते. ते म्हणाले, “माहूरच्या गडावर भक्तीचा पूर...”

खालून माझ्यातून आजी म्हणाल्या, “माणसांचा पूर! शिवमूर्तीअप्पांचं नाव घेते, जाऊ नका दूर!”

साहेब थांबले. पुढची ओळ त्यांच्या तोंडात होती, ती तोंडातच राहिली. त्यांनी खाली पाहिलं. आधी मला ओळखलं, मग आजींना. महांतेश मागून हातानं खुणावत होता, पुढं चला, पुढं चला. कॅमेरे चालू होते. मला साहेबांचा चेहरा दिसत होता. ते आता काहीतरी छान बोलतील आणि सगळं वाया जाईल, अशी मला फार भीती वाटली.

त्यांचा डावा हात वर झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात खाली आला नाही. आणखी टाळ्या. तरी हात वरच. मग हळूहळू लोकांना कळलं की टाळ्या नको आहेत, आणि मैदान गप्प होत गेलं. फारूकनं स्पीकर बंद केले. मग धावत जाऊन जनरेटरही बंद केला. मांडवातले पंखे थांबले. एवढी माणसं इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती. रस्त्याच्या बाजूला पाण्याचा टँकर उभा होता. रिकामा झाला होता, ड्रायव्हर आत चढून चावीला हात घालत होता. गप्प झालेलं मैदान बघून तोही थांबला.

त्या टँकरखालून बारीक आवाज आला. “हाव. हितंच हाय की.”

मागच्या चाकाला टेकून अप्पा सावलीत बसले होते. फेटा काढून मांडीवर ठेवला होता.

साहेब जिन्यानं उतरले नाहीत, व्यासपीठावरून उडी मारली. त्या वयात आणि त्या पोटासह ती बरी पडली म्हणायची. ड्रायव्हरला चावी काढायला लावली, स्वतः टँकरखाली वाकले आणि अप्पांना बाहेर घेतलं. कुणीतरी गूळ-पाणी आणलं. आजी मला काखेत धरून अप्पांचं तोंड पदरानं पुसत होत्या आणि “कुठं जाताव हो, कुठं जाताव” एवढंच म्हणत होत्या.

“अप्पा, ओळखलं का मला?” साहेबांनी विचारलं.

अप्पांनी निरखून बघितलं. बायकोला कधी ओळखायचे, कधी नाही, पण ह्यांना ओळखलं. “फौजदार न्हवं का तुमी?” ते म्हणाले. “आज कोण हरवलंय?”

साहेब तिथंच मातीत बसून राहिले.

मग शांतम्मा बोलल्या. “साहेब, तुमी म्हनला व्हता, काही लागलं तर हाक मारा. लई हाका मारल्या. तुमचा माणूस म्हनायचा, मीटिंगमधी हायत. माझं काही म्हननं न्हाई, तुमाला कामं हायत. तुमी नका येऊ. ह्यो भोंगा तेवढा द्या.”

“साहेब, पुढं औशाला सभा आहे,” महांतेश हळूच म्हणाला. “भोंगा लागेल.”

“नवा आण,” साहेब म्हणाले. आणि माझं आजींच्या काखेतलं तोंड त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसलं. इतकंच. फौजदार असताना रोज पुसायचे.

आता साहेबांच्या सभेत स्टुलावर दुसरा भोंगा असतो. हार तसाच, लोकांना वाटतं तोच आहे. फारूक कधीमधी सेल द्यायला येतो, तो सांगतो, “गोष्टीत आता टँकर बी आलाय. उखाण्यात अजून साहेबच हायत.” ते त्या दिवशी गप्प उभे राहिले होते, ते मात्र गोष्टीत नाही. गप्प राहिलेलं भाषणात कसं सांगणार? मला त्यांचा राग येत नाही. वाईट वाटतं. चांगला फौजदार होता हो!

मी उदगीरकडच्या एका खेड्यात, शांतम्मांच्या दारातल्या खुंटीवर असतो. डॉक्टरांनी अप्पांना गोळ्या दिल्यात. म्हणाले, हे बरं होणार नाही, सावकाश वाढेल. अप्पा दुपारी निघतात आणि कुठंतरी जाऊन बसतात. कधी देवळामागं, कधी विहिरीच्या वाटेवर. दिवेलागणीला आजी मला खुंटीवरून काढतात, ओट्यावर उभ्या राहून उखाणा घेतात आणि डावा हात वर करतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. गल्लीतली भांडी घासायची थांबतात, पोरं खेळायची थांबतात. मग कुठून तरी येतं, “हाव. हितंच हाय की.”

हल्ली ते यायला वेळ लागतो. काल आजींनी उखाणा दोनदा घेतला, तेव्हा आलं.

माझं बोलणं संपलं. दिवे लागायला लागलेत आणि अप्पा अजून घरी नाहीत. आता त्या मला काढतील आणि हाक मारतील. तुम्हाला एकच विनंती आहे. हाक मारून झाली की जरा गप्प बसा. टीव्ही बारीक करा. अप्पांचा आवाज आता फार लहान झालाय.